हॅक्सॉ ब्लेडचे आकडे तुटतात, कुलूप उघडत नाही : काय चुकतंय?

सगळ्यात आधी, प्रश्नासोबत टाकलेला तो फोटो काढून टाका. कुलूप आणि त्याची किल्ली शेजारी शेजारी, स्वच्छ उजेडात, खाली मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो म्हणजे किल्लीच दिल्यासारखं आहे. खाचांची खोली फोटोवरून मोजता येते आणि त्या मापावर दुसरी किल्ली घासता येते. मी स्वतः गिऱ्हाइकाच्या तुटलेल्या किल्लीचा फोटो बघून नवी घासून दिलेली आहे. आणि तुम्हीच लिहिलंय की हे कुलूप मागच्या दाराला लावलेलं असतं. फोटो काढला? आता बोलू.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या भंगाराच्या पिंपातून जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्यांचे, तुकडे आणले, ग्राइंडरवर घासून लॉक पिकिंगचे, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायचे, चार आकडे केले. दोन मानेत तुटले. तिसरा तारेसारखा वाकला. चौथा शाबूत आहे, कुलपात जातोही, पण त्याने काहीच होत नाही. आणि प्रश्न एवढाच, की यापेक्षा चांगलं पोलाद भंगारात कुठे मिळेल, छत्रीच्या काड्या चालतील का?

मी तीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या अवजारं बनवायच्या विभागात, काढली आणि आता बारा वर्षं किल्ल्या-कुलपांच्या दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. माझ्या मते तुमच्या चार आकड्यांचा आजार एक नाही. पहिले दोन एका कारणाने गेले, तिसरा वेगळ्या कारणाने, आणि चौथ्यात बहुधा काही दोषच नाही. तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मात्र राहतेच : आकडा उजव्या हातात होता, तेव्हा डाव्या हातात काय होतं? प्रश्नात त्याचा उल्लेखही नाही. तिथे मी नंतर येतो, कारण माझीही पहिली दोन वर्षं त्यातच वाया गेली.

आधी पोलाद. हॅक्सॉ ब्लेड म्हटलं की सगळ्यांना एकच वस्तू डोळ्यासमोर येते, पण भंगारात निदान तीन जातीची ब्लेडं पडलेली असतात. पहिली जात पूर्ण कडक, हाय स्पीड स्टीलची. ही आख्खी एकसारखी टणक असते. कापायला उत्तम, पण वाकवायला गेलात की काचेसारखी फुटते. दुसरी जात साध्या कार्बन पोलादाची, जिचे फक्त दात कडक केलेले असतात आणि पाठ मऊ ठेवलेली असते, म्हणजे शिकाऊ पोराच्या हातात ब्लेड मोडू नये. तिसरी बायमेटल : दातांची धार हाय स्पीड स्टीलची आणि पाठ स्प्रिंगसारख्या चिवट पोलादाची, दोन्ही एकमेकांना वेल्ड केलेली. आकड्यासाठी हवी ती ही तिसरी, आणि तिचीही पाठ. दात घासून टाकायचे.

यावरून अंदाज सांगतो. मानेत तुटले ते दोन पहिल्या जातीचे असणार. वाकला तो दुसऱ्या जातीचा, किंवा घासताना तापवून तुम्ही त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरवलंत. ही खात्री तुम्ही घरीच करून घेऊ शकता. ब्लेडचा रंग उडालेला असेल, छापलेली अक्षरं गेलेली असतील, तरी दोन परीक्षा आहेत. एक, वाकवून बघणं. तुकडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा, वरून जाड फडकं टाका, डोळ्यावर गॉगल लावा आणि पक्कडीने हळूहळू वाकवा. कडक असेल तर कडकन तुटेल, मऊ असेल तर वाकून तसाच राहील, बायमेटल असेल तर वाकेल आणि परत सरळ होईल. फडकं आणि गॉगल हे शोभेसाठी सांगत नाही. फुटलेल्या ब्लेडचा कपचा कुठे उडतो ते दिसत नाही, तो सापडतो तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडेच सापडतो.

दुसरी परीक्षा ठिणग्यांची. ग्राइंडरला जरा टेकवा आणि अंधाऱ्या कोपऱ्याकडे ठिणग्या जाऊ द्या. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेषांसारख्या जातात, टोकाला फारशा फुटत नाहीत. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्यांना भरपूर फुलं येतात, फुलबाजीसारखी. हाय स्पीड स्टीलच्या ठिणग्या मंद, लालसर, तुरळक. बायमेटल ब्लेडच्या दाताकडच्या आणि पाठीकडच्या ठिणग्या वेगवेगळ्या दिसतात, हे एकदा नजरेला आलं की मग छापील अक्षरं शोधायची गरज उरत नाही.

ब्लेडची जाडी साधारण 0.6 ते 0.65 मिलिमीटर असते. बऱ्याच कुलपांना ती चालते. किल्लीचं भोक अरुंद आणि नागमोडी असेल तर ती जाड पडते आणि आकडा दोन्ही बाजूंना घासत चालतो. तिथे मी जुन्या फीलर गेजची, म्हणजे बारीक फट मोजायच्या अवजाराची, पोलादी पानं वापरतो. टूलरूममध्ये गेजची पानं झिजली, कडा दुमडल्या की ती बाद होतात. भंगारात गेली तरी प्रत्येक पानावर जाडी कोरलेली असतेच. 0.50 चं पान काढून घ्या, उत्तम स्प्रिंग पोलाद असतं. 0.40 पर्यंतही जाता येतं, पण नवशिक्या हाताला ते फार लवचीक वाटेल.

तिसरं भंगार म्हणजे गाडीचा वायपर. जुन्या पद्धतीच्या वायपरच्या रबरात दोन्ही बाजूंनी लांबच लांब दोन पोलादी पट्ट्या सरकवलेल्या असतात. रबर फाटलं की गॅरेजवाला आख्खा वायपर फेकतो. चहा पाजून चार-पाच वायपर मागून घ्या. या पट्ट्यांचे आकडेही होतात, पण त्यांचा खरा उपयोग डाव्या हातासाठी आहे, पुढे सांगतो.

छत्रीच्या काड्यांबद्दल तुम्ही विचारलंय. मी करून पाहिलंय, वेळ घालवू नका. काडी पन्हाळीसारखी वळवलेली असते, सपाट करायला गेलं की चीर जाते. केसांची पिन सिनेमात चालते. सायकलचा आरा 2 मिलिमीटरचा गोल असतो, पिन कुलपात, म्हणजे ज्याच्या आत स्प्रिंगवरच्या पिना असतात त्यात, तो शिरणारच नाही. पण फेकू नका, त्याचं काम वेगळ्या कुलपात पडतं.

आता तुटण्याचं दुसरं कारण, जे पोलादाहून मोठं आहे. तुम्ही लिहिलंय की दोन्ही आकडे जिथे मूठ संपून बारीक दांडा सुरू होतो तिथेच तुटले. म्हणजे तिथे तुम्ही काटकोनात खाच घेतली असणार. काटकोनी कोपऱ्यात सगळा ताण गोळा होतो, मग पोलाद कितीही चांगलं असो. मूठ ते दांडा हा उतार लांब आणि गोलसर हवा, घाटातल्या वळणासारखा. त्यात ग्राइंडरचे ओरखडे दांड्याला आडवे पडलेले असतात. प्रत्येक आडवा ओरखडा म्हणजे पुढची चीर कुठे जाणार त्याची आखलेली रेघ. शेवटचं घासकाम म्हणून नेहमी दांड्याच्या लांबीच्या दिशेने करायचं, बारीक कानशीने, मग पॉलिश पेपरने.

माझी पद्धत सांगतो. आकड्याचा आकार कागदावर खऱ्या मापात काढून तो ब्लेडवर चिकटवतो. आधी दात पूर्ण घासतो, कारण दात आलटून पालटून बाहेर वळवलेले असतात आणि तिथे जाडी जास्त असते. दांड्याची उंची 2.5 मिलिमीटरच्या आसपास ठेवतो, टोकाकडे किंचित निमुळती. सुरुवातीला 3 ठेवा, म्हणजे आपल्याकडचं एक सूत. हात बसला की कमी करा. टोक दांड्यापेक्षा साधारण दीड मिलिमीटर वर उठलेलं, आणि पिनेला टेकणारी जागा गोल, नखासारखी. टोकदार ठेवलंत तर ते पिनेवरून घसरेल किंवा पितळ ओरबाडेल.

ब्लेड साडेबारा मिलिमीटर रुंद, त्यातून अडीचचा दांडा काढायचा, म्हणजे बरंच पोलाद उडवायचं असतं आणि सगळी घाई तिथेच होते. हातमोजा न घालता तुकडा उघड्या बोटांनी धरा. बोटांना चटका लागला की थांबा, पाण्यात बुडवा. दोन-तीन सेकंद घासणं आणि बुडवणं, अशी लय ठेवा. शेजारी पाण्याचा मग्गा नसेल तर ग्राइंडर सुरूच करू नका. याचं कारण रंगात दिसतं. कार्बन पोलाद तापलं की आधी गवती पिवळा रंग येतो, साधारण 220-230 अंशांना. मग तपकिरी, मग जांभळट, आणि 300 च्या आसपास निळा. निळ्याच्याही पुढे जाऊन करडा झाला की पाणी पुरतं उतरलं. तो भाग आता साध्या पत्र्याच्या लायकीचा. तुमच्या वाकलेल्या आकड्याचं टोक नीट बघा, तिथे करडी-निळी झाक असेल तर ब्लेडला दोष देऊ नका.

एक मेख मात्र आहे. हा रंगांचा नियम फीलर गेजला आणि साध्या कार्बन पोलादाला लागू. हाय स्पीड स्टील तापून लालसर होईपर्यंत आपला कडकपणा सोडत नाही, त्यामुळे त्यावर निळा रंग आला म्हणून ते मऊ झालं असं नसतं. कोणी सांगेल, कडक ब्लेड गॅसवर निळं करा म्हणजे चिवट होईल. कार्बनच्या ब्लेडला हे जमतं. हाय स्पीडच्या ब्लेडला घरच्या गॅसवर काही फरक पडत नाही, तुम्ही मात्र समाधानाने तुटणारा आकडा घेऊन बसता. बायमेटलची पाठही दातांबरोबरच वरच्या तापमानाला पाणी दिलेली असते, त्यामुळे थोडा निळा रंग आला तर मी घाबरत नाही.

आकार किती बनवायचे? विकतच्या संचात वीस-वीस नमुने असतात, त्यांतले पंधरा पाकिटात शोभतात. दोन करा. एक छोटा आकडा, एकेक पिन उचलायला. दुसरा शंकरपाळीच्या अर्ध्या तुकड्यासारखा, तिरकस टोकाचा. हा कपाटा-ड्रॉवरच्या स्वस्त कुलपांना फार चालतो, कारण त्यात पिनांऐवजी पातळ पत्र्या असतात. या दोनांवर मी बारा वर्षांतली निम्मी-अधिक पिन कुलपं उघडली आहेत.

पॉलिशचा कंटाळा करू नका. आधी 400, मग 800, मग 1000 चा वॉटर पेपर, शेवटी ब्रासोने चोळून आरशासारखा. हे दिखाऊपणासाठी नाही. आकडा आत सरकताना पिनांवर खरखरत गेला तर ती खरखर आणि पिन बसल्याची टिचकी, दोन्ही बोटांना सारखंच वाटतं. तुम्हाला ऐकायचंय एक आणि ऐकू येतंय दुसरंच. मुठीलाही मऊ रबर गुंडाळू नका, ते सगळा संदेश गिळून टाकतं. आईस्क्रीमच्या दोन लाकडी काड्या दोन्ही बाजूंनी चिकटवल्या तरी पुरे.

आता डावा हात.

टूलरूममध्ये नवा असताना मी एका वर्षात बारा आकडे केले. एकाहून एक देखणे, मशीनवर आकार दिलेले, आरशासारखे. आणि दुसऱ्या हातात होती कुठून तरी उचललेली बाइंडिंगची तार, दुहेरी वळलेली. कुलूप कधी उघडायचं, बहुतेकदा नाही, आणि मी दर वेळी नवा आकडा करायला बसायचो. आमच्या विभागातल्या एका जुन्या फिटरने एक दिवस माझ्या हातातली ती तार काढून घेतली आणि विचारलं, "कुलूप उघडतोयस की शिवतोयस?" मग फेकलेल्या फीलर गेजचं एक जाड पान घेऊन, त्याचं टोक काटकोनात वळवून, कानशीने कुलपाच्या भोकात अगदी घट्ट बसेल असं घासून दिलं. त्याच जुन्या आकड्याने कुलूप पाच मिनिटांत उघडलं.

का, ते समजून घ्या, मग अवजार आपोआप सुचेल. पिन कुलपात मधला गोल भाग किल्लीबरोबर फिरतो, त्याला प्लग म्हणू. प्लगमध्ये आणि त्याच्या बाहेरच्या घरात समोरासमोर भोकं असतात, प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक आणि मागे स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा बरोब्बर प्लगच्या कडेवर येतो आणि प्लग फिरतो. किल्ली नसेल तर एक पिन अर्धी इकडे, अर्धी तिकडे अडकून बसते. कागदावर ही भोकं एका रेषेत असतात. पण ओळीने पाच भोकं पाडली आणि पाचही एका रेषेत पडली, असं तुमच्या वर्कशॉपमध्ये कधी झालंय? कारखान्यातही होत नाही, कणभर फरक राहतोच. त्यामुळे प्लगला हलका पीळ दिला की पाचही पिना एकदम आवळल्या जात नाहीत. एकच आवळली जाते, बाकीच्या सैल लुडबुडतात. त्या एकीला उचलायचं. सांधा कडेवर आला की प्लग केसभर फिरतो, वरची पिन त्या केसभर पायरीवर बसते आणि खाली परत येत नाही. मग दुसरी आवळते. अशा पाच.

म्हणजे कुलूप उघडतं ते पिळामुळे, आकडा फक्त पिना उचलतो. तो पीळ देणारी वस्तू, टेन्शन पट्टी, भोकात डुगडुगत असेल तर तुमचा निम्मा पीळ त्या डुगडुगण्यातच जातो आणि प्लग केसभर फिरला ते बोटाला कळतच नाही. जाड मऊ तार तर त्याहून वाईट, ती स्वतःच पिळवटते. म्हणून वायपरच्या पट्ट्या. सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, टोकाचा सेंटिमीटरभर भाग काटकोनात वळवा. तीक्ष्ण घडी घालू नका, एखाद्या खिळ्याभोवती गोलाई देऊन वळवा, नाहीतर घडीतच चीर जाईल. फीलर गेजचं जाड पान थंड वळवलं तर बहुधा तुटतं. तेवढीच जागा लाल तापवून वळवावी लागते, मग तिथलं पाणी उतरतं, पण वळणात थोडं मऊपण चालतं, टोक मात्र तापू देऊ नका. मग टोक घासून कुलपाच्या भोकाच्या खालच्या कडेत बसवा, पहिल्या पिनेला न टेकेल असं. एका कुलपासाठी बनवलेली पट्टी दुसऱ्यात नीट बसत नाही, म्हणून माझ्याकडे आकडे चार आणि पट्ट्या सतरा आहेत.

पीळ किती? नव्वद टक्के लोक दहापट जास्त देतात. बोटाचं टोक पट्टीवर ठेवा, नखाखालचा गुलाबी रंग नुकताच फिकट व्हायला लागेल एवढाच दाब. तुमचे आकडे तुटण्यात याचाही हात असणार. डाव्या हाताने पिना करकचून आवळल्या की उजव्या हाताला जोर लावावा लागतो, आणि मग मान मोडते ती आकड्याची.

एवढ्यावर पहिल्या तीन आकड्यांचा हिशेब झाला. बायमेटलची पाठ घ्या, मानेला गोलाई द्या, थंड ठेवून घासा, आणि पट्टीवर आकड्यापेक्षा दुप्पट वेळ घाला.

चौथ्याचं काय? तो निर्दोष आहे. तुम्ही त्याला चुकीच्या घरात पाठवलंत. फोटोतल्या कुलपावर 7 लिव्हर असं छापलेलं आहे आणि किल्लीच्या दोन्ही कडांना चौकोनी पायऱ्या आहेत. हे पिन कुलूपच नाही. इंटरनेटवर आकड्यांचे जे व्हिडिओ तुम्ही बघता ते बहुतेक पिन कुलपांचे, म्हणजे अमेरिकेत लायनस येल यांनी 1860 च्या दशकात रूढ केलेल्या जातीचे. आपल्या दारांच्या कडीकोयंड्याला लटकलेलं मोठं कुलूप पुष्कळदा लिव्हरचं असतं. हे घराणंच वेगळं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी 1778 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली. अलीगढच्या गल्ल्यांतून तर ती पिढ्यान् पिढ्या बनताहेत.

लिव्हर कुलपात चपट्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, प्रत्येकीला एक खाच. किल्ली फिरते तशी ती प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीला उचलते. कमी नाही, जास्तही नाही. सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की आतल्या बोल्टची खुंटी त्यांतून सरकते. इथे पीळ द्यायचा तो त्या बोल्टला, आणि बोल्ट पट्ट्यांच्या पलीकडे असतो. तुमची चपटी टेन्शन पट्टी भोकाच्या तोंडाशी कितीही फिरवली तरी ती कशालाच धरत नाही. त्यासाठी एकात एक फिरणारं दुहेरी अवजार लागतं, एक अंग बोल्टला ताण देतं, दुसरं पट्ट्या उचलतं. सायकलचा आरा तिथे कामी येतो. पण ते अवजार त्या त्या कुलपाच्या मापाचंच करावं लागतं, आणि पहिल्या महिन्यात ते तुम्हाला जमणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कुलपागणिक अवजार ही गोष्ट जुनी आहे. 1851 मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला आणि त्याने चब कंपनीचं नावाजलेलं लिव्हर कुलूप 25 मिनिटांत उघडून दाखवलं. मग तो लंडनच्याच पिकॅडिली भागातल्या ब्रामा कंपनीच्या कुलपाकडे वळला. ते दुकानाच्या खिडकीत कित्येक दशकं आव्हान देत लटकत होतं, उघडणाऱ्याला 200 गिनींचं (जुनं इंग्रजी नाणं) बक्षीस होतं. त्याला हॉब्जला 51 तास लागले, 16 दिवसांत पसरून, आणि त्या एका कुलपासाठी खास अवजारं बनवून. चबचं 25 मिनिटांत उघडणारा माणूस तेच सामान घेऊन ब्रामापुढे बसला असता तर आजही बसलेला असता.

तर सराव कशावर करायचा? भंगारवाल्याकडून नाइट लॅचचा जुना सिलिंडर घ्या, किंवा लहानसं पितळी कुलूप ज्याच्या किल्लीला एकाच कडेला दाते असतात आणि अंगावर उभ्या पन्हाळ्या असतात. ड्रॉवरचं पत्रीचं कुलूप त्याहून सोपं, पहिल्या दिवशीच उघडेल आणि हुरूप येईल. सिलिंडर सुटा करता आला तर तीन जोड्या पिना काढून ठेवा, दोनच ठेवून सुरुवात करा, मग एकेक वाढवा. तेल घालू नका, धूळ चिकटून घट्ट होतं. पेन्सिलच्या शिशाची पूड पुरते.

वापरातल्या कुलपावर हात मारायचा नाही, स्वतःच्या घराच्याही. जगभर जे लोक छंद म्हणून हे करतात त्यांचे दोनच नियम आहेत : कुलूप तुमचं किंवा मालकाच्या परवानगीचं हवं, आणि ते वापरात नसावं. दुसरा नियम मी मोडला होता. एका रविवारी घरच्या दाराच्या लॅचमध्ये माझ्या आकड्याचं टोक तुटून राहिलं, आणि हिने मंडईतून दोन पिशव्या घेऊन येऊन किल्ली घातली तर ती अर्धीच जाते. तासभर जिन्यात बसून मी ते टोक उपसत होतो आणि शेजारचे एकेक करून "काय, किल्ली हरवली का?" विचारून जात होते. किल्ल्यांचं दुकान आहे म्हणून सांगायची सोय नव्हती.

कायद्याचंही एक वाक्य. घरी बसून स्वतःच्या कुलपावर हे करण्यात गैर काही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 122 वाचून ठेवा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीची अवजारं योग्य कारणाशिवाय जवळ सापडली तर तो गुन्हा आहे, आणि कारण योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. माझ्याकडे दुकानाचा परवाना आणि गिऱ्हाइकाचा फोन असतो, तरी रात्री बोलावणं आलं तर मी आधी मालकाचं ओळखपत्र आणि शेजाऱ्याची खात्री मागतो. तुमच्याकडे यातलं काहीच नसणार. आकडे टेबलाच्या खणातच राहू द्या, कॉलेजच्या बॅगेत नको. आणि होस्टेलवर मित्राची खोली उघडून दाखवायचा मोह होईल, तो तर अजिबात नको.

तुटलेले दोन आकडे फेकले नसाल तर त्यांच्या मुठीकडचे तुकडे पहिल्या टेन्शन पट्ट्यांची मापं काढायला वापरा, वळवू नका, नुसते घासून भोकात कसे बसतात ते बघा. वाकलेला दांडा सरळ करून त्याचं टोक बारीक अणकुचीदार आकडीसारखं करा. आकडा म्हणून तो गेला, पण कुलपात तुटून राहिलेला तुकडा बाहेर ओढायला मऊ पोलादच बरं. तसा एक माझ्या खणात त्या रविवारपासून आहे.